हिशेबाच्या वहीची किल्ली

आमच्या रत्नागिरीच्या जुन्या घरांतून अजूनहि एखाद्या फडताळांत लाल बासनांत बांधलेल्या कीर्दी आणि खतावण्या सांपडतात. त्यांतल्या मोडी ओळी आज घरांतल्या कोणाला वाचतां येत नाहींत. तरी वही उघडतां येते. बासनाची गांठ सोडली कीं पान समोर, आणि मोडी वाचणारा गांठला कीं त्या पानाचा अर्थहि समोर. शंभर वर्षांपूर्वींच्या वहीची ही जी साधी सोय, ती काल-परवांच्या हिशेबाला असतेच असें नाहीं. ही गोष्ट मला २०२३ च्या पावसाळ्यांत एका घरगुती प्रसंगानें कळली, आणि आजचें भाषण त्या प्रसंगांतूनच निघालें आहे.

माझे एक मावसबंधु, ज्यांना आम्ही सर्व अण्णा म्हणतों, रत्नागिरीजवळ आंब्याचा व्यापार करतात. थोडीं स्वतःचीं कलमें, शेजारच्या कांहीं बागा हंगामापुरत्या करारानें घेतलेल्या, पेट्या भरून वाशीच्या बाजारांत पाठवावयाच्या, बारीकसारीक फळ कॅनिंगला द्यावयाचें, असा त्यांचा व्यवहार. आठ हंगामांचा हिशेब त्यांनीं विकत घेतलेल्या एका सॉफ्टवेअरमध्यें ठेवला होता. तें लिहून देणाऱ्या गृहस्थांचा धंदा मध्यंतरीं बंद पडला. पुढें अण्णांचा संगणक बिघडला, नवा आणला, आणि त्यावर तें सॉफ्टवेअर परवान्याची नवी किल्ली मागूं लागलें. किल्ली देणारें कोणी उरलें नव्हतें. हिशेबाची फाइल शाबूत होती, पण ती कशी वाचावयाची हें फक्त त्या बंद पडलेल्या सॉफ्टवेअरलाच ठाऊक. कोणत्या बागवाल्याचें किती देणें, कोणत्या अडत्याकडून किती येणें, हें अण्णांना चिठोऱ्यांवरून, आणि पुष्कळसें समोरच्याच्या प्रामाणिकपणावर विसंबून, पुन्हां मांडावें लागलें. "वही माझी, आंकडे माझे, आणि कुलूप मात्र परक्याचें!" असें ते म्हणाले, आणि मजजवळ त्याला उत्तर नव्हतें. मात्र पुढच्या वहीचें कुलूप आपलें असावें, एवढें आम्हीं दोघांनीं ठरविलें.

संगणकाचा कोणताहि कार्यक्रम मुळांत माणसाला वाचतां येईल अशा भाषेंत लिहिलेला असतो. ह्या मूळ लिखाणाला सोर्स कोड म्हणतात. विकतच्या मालांत बहुधा हें लिखाण गिऱ्हाइकाला मिळत नाहीं; त्यापासून तयार केलेलें, यंत्रालाच कळणारें रूप मिळतें. आंब्याची पेटी विकत घेणें आणि कलम लावून घेणें ह्यांत जो फरक, तोच येथें आहे. कलम लावणाराला खतपाणी करावें लागतें, राखण करावी लागते; पण पेटीवाल्यानें दुकान बंद केलें म्हणून त्याच्या घरचा आंबा बंद होत नाहीं.

असें मूळ लिखाण उघड ठेवण्याची चळवळ रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं १९८३ सालीं 'ग्नू' प्रकल्प जाहीर करून सुरू केली. त्यांतून जो परवाना निघाला, त्याची तिसरी आवृत्ति २००७ ची. तो परवाना असें म्हणतो कीं कार्यक्रम वापरा, वाचा, बदला, दुसऱ्याला द्या. मात्र बदललेला कार्यक्रम दुसऱ्याला द्याल तेव्हां त्याचें मूळ लिखाणहि त्याच अटीवर द्या. इंग्रजींत 'फुकट' आणि 'मुक्त' ह्या दोहोंना एकच शब्द असल्यामुळें तिकडे ह्याबाबत फार खुलासे करावे लागले. आपल्या भाषेला ती अडचण नाहीं. हें सॉफ्टवेअर मुक्त आहे; तें चालविणें फुकट पडतें असें मी म्हणणार नाहीं, आणि कां तें पुढें येईलच.

व्यवसायाचे सर्व व्यवहार, म्हणजे खरेदी, विक्री, माल, पगार, हिशेब, एकाच ठिकाणीं जोडून ठेवणाऱ्या व्यवस्थेला ई-आर-पी म्हणतात. मोठ्या कारखान्यांत ती लक्षावधि रुपये देऊन बसविली जाते. आमच्या सुदैवानें असें एक मुक्त सॉफ्टवेअर मुंबईंतच जन्मलें आहे. त्याचें नांव ई-आर-पी-नेक्स्ट. रुषभ मेहता ह्यांनीं घरच्या फर्निचरच्या व्यवसायांत अशी व्यवस्था बसवितांना आलेल्या अडचणींतून हें काम हातीं घेतलें. २००८ सालीं कंपनी स्थापन झाली, तीच पुढें फ्रॅपे ह्या नांवानें ओळखली जाऊं लागली. सॉफ्टवेअरला वर सांगितलेला तिसऱ्या आवृत्तीचा परवाना आहे. मुंबईच्या फर्निचरच्या दुकानाला जी गरज भासली, ती रत्नागिरीच्या आंब्याच्या वखारीला भासावी ह्यांत नवल नाहीं. दोन्हीकडे माल तोच पण माप निराळें, आणि उधारी तर सर्वत्र सारखीच.

आतां बसविण्याकडे वळूं. ज्या आज्ञा संगणकाला द्यावयाच्या त्या मी येथें वाचून दाखविणार नाहीं. त्या कानानें ऐकण्याच्या नव्हेत. पण त्या आज्ञांमागें काय चालतें हें कळलें, तर अडल्यावर माणूस घाबरत नाहीं, म्हणून तेवढें सांगतों.

आम्हीं चार गिगाबाइट स्मृतीचा एक साधा संगणक घेतला आणि त्यावर लिनक्सपैकीं उबंटू ही प्रणाली घातली. पहिली दक्षता ही कीं संगणकाच्या सर्वाधिकारी नांवानें, ज्याला रूट म्हणतात, हें काम करूं नये. निराळें नांव काढून त्याला लागेल तेवढाच अधिकार द्यावा. मग चार मदतनीस बसवावे लागतात. पायथन ही ज्या भाषेंत मुख्य लिखाण आहे ती. नोड हें पडद्यावरचीं पानें तयार करण्यासाठीं. रेडिस हा घाईचीं कामें रांगेंत लावणारा कारकून. आणि मारियाडीबी ही प्रत्यक्ष वखार, जींत एकूणएक नोंद राहते. (मायकेल विडेनियस ह्या फिनलंडच्या गृहस्थांनीं आपल्या पहिल्या वखारीला थोरल्या मुलीचें 'मी' हें नांव दिलें, तीच मायएस्क्यूएल, आणि २००९ सालीं वेगळी चूल मांडतांना धाकटीचें, मारियाचें, नांव दिलें.) पंधराव्या आवृत्तीला पायथन ३.१० किंवा त्यापुढचा आणि नोड १८ किंवा त्यापुढचा लागतो. हे आंकडे क्षुल्लक दिसतात. पण बसवितांना येणाऱ्या अडचणींपैकीं पुष्कळशा आंकडे न जुळल्यानेंच येतात.

मारियाडीबीला एक गोष्ट आरंभींच सांगावी लागते, ती म्हणजे अक्षरें कोणत्या पद्धतीनें सांठवावयाचीं. तेथें यूटीएफ-८ ची चार बाइटांची पद्धत निवडावयाची असते. देवनागरीच्या एकेका अक्षरचिन्हाला तीन बाइट पुरतात, तेव्हां चौथा कशाला, असें मला वाटलें होतें. पुढें वाचनांत आलें कीं मोडी लिपीला युनिकोडमध्यें २०१४ सालीं जागा मिळाली, आणि ती जागा अशा प्रदेशांत आहे कीं तिथल्या प्रत्येक चिन्हाला चार बाइट लागतात. म्हणजे तीन बाइटांच्या जुन्या पद्धतींत आमच्या आजोबांच्या कीर्दीची एक ओळहि मोडींत सांठवितां आली नसती. उद्यां कोणाला हौस आली तर ह्या वखारींत ती ओळ मावेल.

एवढी तयारी झाली कीं 'बेंच' नांवाचें हत्यार येतें. हा सुताराचा ओटा समजा. पुढचें सारें काम त्यावर चालतें. पहिल्या आज्ञेनें एक दप्तर तयार होतें आणि फ्रॅपे हा पाया इंटरनेटवरून मूळ लिखाणाच्या रूपांत उतरतो. दुसऱ्या आज्ञेनें ई-आर-पी-नेक्स्टचें लिखाण येतें. तिसरीनें एक 'साइट' निर्माण होते, म्हणजे आपल्या पेढीची कोरी वही. चौथीनें ई-आर-पी-नेक्स्ट त्या वहीला जोडलें जातें. लिखाण आणणें आणि तें वहीला जोडणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत, हें लक्षांत न आल्यामुळें पुष्कळजण दुसऱ्या पायरीवर थांबतात आणि पडदा रिकामा कां म्हणून विचारीत बसतात. दप्तरांतहि हाच भेद दिसतो. 'ॲप्स' ह्या कप्प्यांत परक्यांनीं लिहिलेलें लिखाण असतें, तें हरवलें तर पुन्हां आणतां येतें. 'साइट्स' ह्या कप्प्यांत आपल्या वहीच्या चाव्या आणि चिकटविलेले कागद असतात. ते हरवले तर ते जगांत दुसरीकडे कोठेंहि नाहींत.

माझी स्वतःची चूक सांगतों. लिखाण आणतांना मीं शाखेचें नांव दिलें नाहीं. नांव न दिल्यास जें येतें तें लेखकांचें चालू काम असतें, अर्धें लिहिलेलें, रोज बदलणारें. दिवाळीनंतरचे दोन दिवस मीं त्या कच्च्या फळाशीं झगडण्यांत घालविले. अखेर दप्तर पुसून, पाया आणि इमारत दोन्ही पंधराव्या आवृत्तीच्या शाखेवरून आणलीं, तेव्हां दोन तासांत काम झालें. लिखाण उघड असल्याचा पहिला लाभ मला तेव्हां मिळाला. पडद्यावर चुकीचा जो इशारा येत होता त्यांत फाइलीचें नांव आणि ओळीचा क्रमांक होता. ती ओळ उघडून वाचतां आली, आणि दोष अण्णांच्या संगणकाचा नसून माझा आहे हें कळलें.

शेवटीं एक आज्ञा अशी असते कीं जिच्यामुळें संगणक सुरू होतांच हीं सारीं चक्रें आपोआप फिरूं लागतात. आमच्याकडे वीज ज्या लहरीनें जाते-येते ती पाहतां ही आज्ञा विसरूं नये.

पहिली पट्टी छापून पाहिली तर आंकडे उमटले आणि मराठीच्या जागीं रिकामे चौकोन! पडद्यावर अक्षरें नीट दिसत होतीं, कारण तीं पाहणाऱ्या यंत्रावर देवनागरी टंक होता. पण छापील पान सर्व्हर तयार करतो, आणि त्याच्याजवळ तो टंक नव्हता. लोहित देवनागरीसारखा एखादा मुक्त टंक सर्व्हरवर घातला कीं जोडाक्षरें जागेवर येतात.

येथवरचें काम कोणीहि चिकाटीचा विद्यार्थी करील. खरा कस पुढें, मांडणींत, लागतो. तेथें संगणकापेक्षां धंदा कळावा लागतो.

पहिलाच प्रश्न: माप कोणतें? अण्णा सहज म्हणाले, "पेटी." पण पेटी हें माप नव्हे. मोठें फळ असेल तर एका पेटींत चार डझन, त्याहून लहान असेल तर पांच, सहा, सात. एकदां पेटी म्हणजे साठ आंबे असें संगणकाला सांगून टाकलें कीं मे महिन्यांत वखारींत कागदावरचे आंबे आणि आढींतले आंबे ह्यांचा मेळ बसणें शक्य नाहीं. म्हणून मूळ माप 'नग' धरलें, आणि चार डझनी, पांच डझनी अशा पेट्या हापुसाचे निरनिराळे प्रकार म्हणून नोंदल्या. कॅनिंगचें फळ तर किलोवर जातें. किलोंत किती आंबे हें कोण सांगणार? त्याला स्वतंत्र वस्तु केली, आणि निवडीनंतर हापुसांतून तिकडे माल 'वळता' करावयाची नोंद ठेवली. हें सारें आधींच ठरवावें लागतें, कारण व्यवहार सुरू झाल्यावर वस्तूचें मूळ माप बदलूं दिलें जात नाहीं. अण्णांना हा जाच वाटला. मला तो शहाणपणा वाटतो. मध्येंच शेर बदलणारा दुकानदार कोणाला आवडेल?

दुसरा प्रश्न वाशीचा. पेट्या ट्रकांत चढल्या कीं त्या विकल्या गेल्या असें जुन्या पद्धतींत धरीत. पण भाव तर ठरलेला नसतो! माल अडत्याकडे जातो, तेथें विकतो, आणि भाडें-हमाली वगैरे वजा करून पट्टी येते. मधल्या काळांत आंबा कोणाचा? अर्थात् आपलाच. म्हणून 'वाशी' नांवाचें एक गोदाम आपल्याच पेढीखालीं उघडलें. ट्रक सुटला कीं माल रत्नागिरीहून वाशीच्या गोदामांत बदली होतो; पट्टी आली कीं त्या गोदामांतून विक्री होते आणि खर्च ज्याच्या त्याच्या खात्यावर पडतात; कुजलेलें फळ तोटा म्हणून निघतें. त्या पहिल्या हंगामांत, २०२४ च्या एप्रिलमध्यें, एका संध्याकाळीं अण्णांनीं पडदा पाहून विचारलें कीं वाशींत आपल्या अजून एकशेंदहा पेट्या कां दिसतात. एक पट्टी यावयाची राहून गेली होती. फोन केल्यावर ती आली. पूर्वीं ती केव्हां आठवली असती, कोण जाणे.

ह्याच संदर्भांत एक मोहाची जागा सांगतों. शिल्लक नसतांनाहि माल विकूं द्यावा, अशी एक मुभा मांडणींत आहे. घाईच्या दिवसांत ती द्यावीशी वाटते, कारण आवक नोंदण्यापूर्वींच विक्रीची नोंद करावयाची असते. माझें मत स्पष्ट आहे: ती देऊं नये. ती दिली कीं चूक दिसणें थांबतें, चूक होणें थांबत नाहीं.

तिसरी अडचण पंचांगाची म्हणावी. सरकारी हिशेबी वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपतें, आणि हापूस नेमका त्या उंबरठ्यावर पाय देऊन उभा असतो. मोहोरावरची फवारणी, राखण, बागांची आगाऊ रक्कम हा खर्च एका वर्षांत. मुख्य विक्री एप्रिल-मे म्हणजे दुसऱ्या वर्षांत. कर-हिशेबाला वर्ष सोडतां येत नाहीं, पण अण्णांना हवा असतो हंगामाचा नफा. त्यासाठीं प्रत्येक हंगामाचें एक खर्च-केंद्र उघडलें आणि ऑक्टोबरच्या फवारणीपासून जूनच्या शेवटच्या पट्टीपर्यंत प्रत्येक नोंदीवर त्याचें नांव घातलें. अमुक बाग करारानें घेणें परवडतें कीं नाहीं, हें त्यांना प्रथमच आंकड्यांत दिसलें. एका बागेचा करार त्यांनीं पुढच्या सालीं केला नाहीं. त्या बागवाल्याशीं तीन पिढ्यांचा घरोबा होता, आणि तो निर्णय सोपा गेला नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे.

जीएसटीचें प्रकरण मी थोडक्यांत आटोपतों. चौदाव्या आवृत्तीपासून भारतीय करांचा भाग निराळा काढून 'इंडिया कंप्लायन्स' ह्या स्वतंत्र ॲपमध्यें ठेवला आहे. तोहि त्याच बेंचवरून आणून वहीला जोडावा लागतो. ताज्या आंब्यावर हा कर नाहीं, डबाबंद रसावर आहे. दोन्ही विकणारानें वस्तूगणिक भेद नोंदला म्हणजे झालें.

जुन्या कीर्दींत खाडाखोड चालत नसे. चुकलें तर चुकीची नोंद तशीच राखून दुसरी उलट नोंद करावयाची. ह्या सॉफ्टवेअरचा स्वभाव तसाच आहे, हें पाहून मला आनंद झाला. नोंद कच्ची असेतों बदला. एकदां 'सादर' केली कीं तींत फेरफार नाहीं. ती रद्द करावयाची आणि दुरुस्त नोंद नव्या क्रमांकानें घालावयाची. रद्द झालेलीहि दिसत राहते. कोणीं, केव्हां, काय केलें ह्याची टिपण असते. अर्थात् ह्याचा उपयोग प्रत्येकानें आपापल्या नांवानें काम केलें तरच. सर्वांनीं मिळून एकच प्रशासकाचें नांव आणि एकच पासवर्ड वापरावयाचा, आणि तो भिंतीवर खडूनें लिहून ठेवावयाचा, अशी वखार मीं पाहिली आहे.

मूळ लिखाण हातीं आलें म्हणजे त्यांत बोटें घालण्याची इच्छा होते. ती आंवरावी. परक्यांच्या लिखाणांत आपण बदल केले तर पुढची सुधारित आवृत्ति आणतांना ते आडवे येतात किंवा पुसले जातात. आपल्याला हवें तें आपल्या निराळ्या छोट्या ॲपमध्यें लिहावें. अण्णांची पट्टी छापण्याचा नमुना आम्हीं असाच वेगळा ठेवला आहे.

मुक्त सॉफ्टवेअर चालविणें फुकट पडत नाहीं असें मी म्हटलें, तें आतां सांगतों. संगणक, वीज, कोणाचे तरी कामाचे तास, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे वहीच्या प्रती सांभाळण्याचा नेम. १६ मे २०२१ रोजीं तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलें तेव्हां झाडावरचा आंबा तर पडलाच, पण कित्येक गांवीं वीजहि दिवसेंदिवस नव्हती. अशा मुलुखांत एकाच खोलींतल्या एकाच पेटाऱ्यावर विसंबणें बरें नव्हे. बेंचला सांगितलें कीं तो दर सहा तासांनीं प्रत काढतो. ती दुसऱ्या तबकडीवर, आणि एक गांवाबाहेर, अशी आम्हीं ठेवतों.

परंतु प्रत काढणें म्हणजे प्रत असणें नव्हे. २०२४ च्या जूनमध्यें, हंगाम संपल्यावर, मीं एका जुन्या लॅपटॉपवर कोरी वही उघडून तींत ती प्रत उतरवून पाहिली. आंकडे सारे आले. मात्र पट्ट्यांचीं चिकटविलेलीं चित्रें एकहि आलें नाहीं. साध्या आज्ञेनें केवळ डेटाबेसची प्रत निघते, चिकटविलेल्या कागदांची प्रत निराळी मागावी लागते, हें मला माहीत नव्हतें. सात महिने आम्ही अर्धी प्रत काढून निश्चिंत झोपत होतों. शिवाय साइटच्या मांडणीच्या फाइलींत एक गुप्त किल्ली असते. ती बरोबर नसेल तर आंत सांठविलेले पासवर्ड उलगडत नाहींत. दोन्ही दुरुस्त करून दुसऱ्यांदा उतरविली. त्या रात्रीं बाहेर पाऊस कोसळत होता, वीज गेली होती, आणि लॅपटॉपच्या बॅटरीवर अण्णा एकेक खातें उघडून हातांतल्या पट्टीशीं ताडून पाहत होते. अकरा बागवाले, चार अडते. सर्व जुळलें.

तेव्हांपासून ३१ मार्चला अण्णा खतावणी छापून घेतात, पांढऱ्या कागदावर, मराठींत. वहिनी त्यावर तारीख घालतात, आणि तो गठ्ठा फडताळांत आजोबांच्या कीर्दींशेजारीं, लाल बासनांत बांधून ठेवतात.